तो चमचाभर चीक वाया घालवू नका

महोदय,
रक्तदाब वाढल्यामुळे माझी सून ३२व्या आठवड्यातच बाळंत झाली. पहिल्या दिवशी जेमतेम चमचाभर पिवळसर चीक, म्हणजे आईचं अगदी पहिलं दूध, निघाला. भेटायला आलेल्या बायका लगेच म्हणाल्या, "अंगावर दूधच नाही, वरचं द्या." पोरीचे डोळे भरून आले. खरं तर कमी दिवसांच्या बाळाच्या आईच्या दुधात सुरुवातीचे काही आठवडे प्रथिनं आणि रोगप्रतिकारक घटक जास्त असतात. गरोदरपणात मधुमेह झाला असेल तर दूध उतरायला उशीर होऊ शकतो. तोवर मातृदुग्धपेढीचा, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं दूध साठवून गरजू बाळांना देणाऱ्या केंद्राचा, आधार असतो. मुंबईच्या शीव रुग्णालयात ती १९८९पासून आहे. हे बाळंतपणाआधीच, तपासणीच्या वेळी, सासूलाही समोर बसवून सांगायला हवं. नर्सबाईंनी तोच चीक नातवाला थेंब थेंब पाजला.

– एक आजी, सातारा