गुडघ्यात काय टोचलं ते कागदावर लिहा की

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारी पेपरच्या घडीतून एक पत्रक पडलं, 'एका इंजेक्शनमध्ये गुडघेदुखी गायब', आणि आमच्या आईने ते चष्मा लावून दोनदा वाचलं, तेव्हाच ठरवलं की तुम्हाला लिहायचं. आई 74 वर्षांची, दोन्ही गुडघे झिजलेले. मागच्या दिवाळीआधी असल्याच एका शिबिरात तिने गुडघ्यात सुई घेतली आणि अर्ध्या तासात बाई जिना चढली! संध्याकाळी देवापुढे मांडी घालून बसली पण, आम्ही सगळे खूश. रात्री जो ठणका लागला तो पहाटेपर्यंत.

नंतर एका हाडाच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. दाढ काढताना देतात तेच भुलेचं औषध, लिग्नोकेन, गुडघ्यात गेलेलं असतं, त्याचा असर तास-दोन तास, बुपिव्हाकेन हे दुसरं भुलेचं औषध असेल तर अजून थोडे तास, झीज आहे तिथंच. सोबत बरेचदा स्टेरॉइड असतं, पण त्याचा गुण यायला एक-दोन दिवस तरी लागतात आणि टिकतो काही आठवडे, म्हणजे जिना चढवला तो भुलेच्या औषधाने. स्टेरॉइडने शुगर काही दिवस वाढते, आईला डायबेटिस आहे आणि शिबिरात कुणी विचारलं सुद्धा नाही. सारखं सारखं घेणंही बरं नाही म्हणे, अमेरिकेत 140 पेशंटना दोन वर्षं दर 12 आठवड्यांनी कुणाला स्टेरॉइड, कुणाला नुसतं सलाईन दिलं, 2017 साली त्याचा निकाल छापून आला, तर दुखणं दोघांचं सारखंच आणि कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडांवर असते ती गादी, स्टेरॉइडवाल्यांची जास्त झिजली.

सुई वाईटच असं मी म्हणत नाही हं. बधीर केल्यावर दुखणं थांबलं तर कळतं की दुखतंय ते गुडघ्यातच, कंबरेतून किंवा खुब्यातून येत नाहीये. आणि ज्यांना हार्टमुळे ऑपरेशन झेपणार नाही त्यांच्यासाठी सोनोग्राफीत बघून गुडघ्याच्या बाजूच्या बारीक नसा बधीर करतात, आराम पडला तर पुढे त्याच नसांना रेडिओफ्रिक्वेन्सीची उष्णता देतात, त्याने काही महिने बरे जातात. पण हे सगळं तपासून, सांगून करायचं काम आहे, मंगल कार्यालयात खुर्च्यांची रांग लावून नाही.

आईच्या कागदावर 'इंज. गुडघा' एवढंच खरडलंय. औषध कुठलं, किती मिलिग्रॅम, काहीच नाही. आता वाटी बदलायचं चाललंय तर सर्जनचा पहिला प्रश्न तोच, शेवटची सुई कधी आणि कशाची, कारण सुईनंतर तीन महिन्यांच्या आत ऑपरेशन केलं तर इन्फेक्शनचा धोका वाढतो. तारीख आम्ही दिवाळीवरून मोजून सांगितली. बाकी काय सांगणार?

तुमच्या पेपरात पत्रकं घालणाऱ्यांना निदान औषधाचं नाव तरी छापायला सांगा. ते रविवारचं पत्रक मी रद्दीत टाकलं होतं, आईने परत काढून पोथीत ठेवलंय.

एक वाचक, सातारा