आठवण : रविवारची कादंबरी-चर्चा

मंडळी, येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता नेहमीच्या जागी बसतोय. कादंबरी वाचून या, निदान निम्मी तरी. नायिका नोकरीत वर चढत जाते ते ठीकच, पण खरी गंमत तिच्या शहरात आहे. बढतीवरची बदली नाकारताना ती कारण सांगत नाही, नुसती खिडकी उघडते. ते पान दोनदा वाचा. तिशीत जो रस्ता ती धावत ओलांडते, तिथेच साठीत सिग्नल दोनदा हिरवा होईपर्यंत उभी राहते. हे शहरावरचं प्रेम की नुसती सवय, माझं अजून ठरत नाही, भांडायला या. तिच्या लग्नाचा विषय मात्र पुन्हा नको, मागच्या वेळी त्यातच तास गेला!

ग्रंथालयाची प्रत ज्यांच्याकडे आहे त्यांनी शुक्रवारपर्यंत पुढे द्यावी, तिघं थांबलेत. आणि कृपा करून पानं दुमडू नका.