विकताना काय येईल, हे विचारलंत म्हणून

डेन्व्हर, कोलोरॅडो

तीर्थरूप बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "नवी गाडी केवढ्याला पडते ते सांगितलंस, पण पाच वर्षांनी विकायला काढलीस तर हातात काय येईल?" याचं उत्तर फोनवर नीट देता येत नाही. शिवाय आईनं मागून फक्त "पस्तीस लाख" एवढंच ऐकलं आणि तेच धरून ठेवलं. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी गाडीबद्दल. सुबारू डब्ल्यूआरएक्स. सुबारू आपल्याकडे विकली जात नाही. पूर्वी शेवरोले फॉरेस्टर म्हणून एक गाडी क्वचित दिसायची, ती मुळात सुबारूचीच होती. ही चार दारांची साधी सेडान आहे, आत २.४ लिटरचं टर्बो इंजिन, २७१ हॉर्सपॉवर, गिअर सहा आणि तेही हाताने टाकायचे. इंजिनात पिस्टन उभे नाहीत. दोन डावीकडे, दोन उजवीकडे, आडवे झोपलेले. त्यामुळे वजन खाली राहतं. जिप्सीत लिव्हर ओढली की चारही चाकं जोडली जातात, तसं इथं काही करावं लागत नाही. चारही चाकं कायम जोडलेली, ताकद एरवी पुढच्या आणि मागच्या चाकांना निम्मी निम्मी जाते. ही वाटणी करणाऱ्या मधल्या डिफरन्शियलमध्ये व्हिस्कस कपलिंग आहे. पुढची किंवा मागची चाकं घसरून जोरात फिरायला लागली की आतलं दाट तेल आवळतं आणि जोर दुसऱ्या जोडीकडे वळतो. तुम्ही डेपोत ही हाउसिंग उघडून बघितली असती तर तुम्हाला आवडली असती, याची मला खात्री आहे.

अशा गाडीची गरज काय, हा आईचा प्रश्न. आई, मी आठवड्यातले काही दिवस डोंगरापलीकडच्या दवाखान्यात जाते. तो रस्ता आयझेनहॉवर बोगद्यातून जातो आणि बोगदा सुमारे ३,४०० मीटरवर आहे. त्या हायवेच्या डोंगराळ पट्ट्यात सप्टेंबर ते मे कायदाच आहे: चारही चाकांना ताकद देणारी गाडी आणि पुरेशी नक्षी उरलेले टायर, नाहीतर बर्फाचे टायर घातलेले किंवा चेन जवळ हवी. शिवाय एवढ्या उंचीवर हवा विरळ असते, साध्या इंजिनाचा दम तिथं निघतो. टर्बो हवा दाबून आत भरतो म्हणून चढावर गाडी मरत नाही.

पण एवढ्या गरजेला साधी फॉरेस्टरही पुरली असती. खरं कारण असं की मला गाडी चालवायला मनापासून आवडतं. कुंभार्ली घाटात बाबांनी शेजारी बसून शिकवलं, ज्या गिअरमध्ये चढलीस त्याच गिअरमध्ये उतर, ब्रेकवर उभी राहू नकोस. इथं बोगद्यापासून डेन्व्हरकडे उतरताना मी अजून तेच करते. इतकी वर्षं जुनी सिव्हिक चालवली, तिनं कधी दगा दिला नाही. आता एकदा मला हवी ती गाडी घ्यायची आहे.

आई, एक गोष्ट लक्षात ठेव, कारण तुला काळजी वेगाची आहे. चारही चाकांची ताकद गाडी पुढे न्यायला कामी येते, थांबवायला नाही. बर्फावर थांबवतात ते टायर. म्हणून गाडीच्या बजेटमध्ये हिवाळी टायरांचा वेगळा संच आधीच धरला आहे, तो मी सोडणार नाही.

आता पैशाचं. नवीन गाडी सगळे कर धरून ४० हजार डॉलरच्या आसपास जाते. रुपयांत गुणाकार करू नका, झोप उडेल. हे बघा: पाच वर्षांनी ती साधारण २० हजारांना जाईल असं मी धरते. म्हणजे वर्षाला चार हजार गेले. तीच गाडी तीन वर्षं वापरलेली घेतली तर करासकट साडेएकोणतीस हजारांपर्यंत बसते आणि पुढे पाच वर्षांनी १५ हजार आले तरी वर्षाला तीन हजारांच्या आतच घसारा. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, पण मागच्या काही महिन्यांत इथल्या जाहिराती रोज बघून धरलेले आहेत. किंमत ऐकताना आपण पहिला आकडा ऐकतो. खिशातून खरा जातो तो पहिल्या आणि शेवटच्या आकड्यातला फरक, आणि मधल्या काळात टायर, विमा, पेट्रोल यांवर गेलेला पैसा.

या हिशेबात सगळ्यात स्वस्त कोणती ठरते, सांगू? जुन्यांमध्ये सगळ्यात महाग दिसणारी. डब्ल्यूआरएक्सची थोरली बहीण एसटीआय, ३१० हॉर्सपॉवरची. अमेरिकेत ती २०२१ नंतर आलीच नाही. कंपनीनं २०२२ च्या मार्चमध्ये जाहीर केलं की नव्या ढाच्यावर पेट्रोल एसटीआय निघणार नाही. तेव्हापासून जुन्यांचा भाव टिकून आहे. आज ३८ हजारांना घेऊन पाच वर्षांनी २७ ला विकली तर वर्षाला दोन-सव्वादोन हजार. कागदावर ती जिंकते. या भावामागे भावना मोठी आहे. १९९५ साली कॉलिन मॅकरे निळ्या सुबारूतून जागतिक रॅली अजिंक्यपद जिंकला, पुढे २००१ मध्ये रिचर्ड बर्न्स, २००३ मध्ये पेटर सोलबर्ग. त्या काळी भिंतीवर हे पोस्टर लावणारी पोरं आता कमावती झाली आहेत.

तरी मी एसटीआय घेणार नाही. बाबा, तिचं इंजिन जुन्या घराण्यातलं, अडीच लिटरचं. त्यात पिस्टनच्या दोन रिंगांमधली जी अरुंद भिंत असते ती फुटण्याची तक्रार जुनी आहे, विशेषतः मालकानं टर्बोचं प्रेशर वाढवून घेतलं असेल तर. एकदा इंजिन उघडलं की वाचवलेले सगळे पैसे गेले. टायमिंग बेल्ट आहे, तो १ लाख ५ हजार मैलांना बदलायचा. नव्या इंजिनात साखळी आहे. एसटीआय गॅलनला सरासरी १८-१९ मैल देते, म्हणजे लिटरला साधारण आठ किलोमीटर, आणि पेट्रोल प्रीमियमच लागतं. पण याहून मला खटकतं ते वेगळंच. तिचा भाव टिकवायचा तर ती कमी चालवावी लागते. ओडोमीटर पुढे सरकला की किंमत खाली. अशी माणसं मी पाहिली आहेत, गॅरेजमध्ये झाकून ठेवतात आणि बर्फात बाहेर काढत नाहीत. बर्फासाठी बनवलेली गाडी! विकण्याच्या भावापायी चालवायची नसेल, तर ती गाडी राहत नाही, ठेव होते. ठेवी बँकेत बऱ्या.

टोयोटाची जीआर कोरोलाही पाहिली. तीन सिलिंडर, १.६ लिटर आणि तरी ३०० हॉर्सपॉवर. इंजिनिअरिंग म्हणून मला ती फार आवडली. पण २०२३ मध्ये आली तेव्हा छापील किंमत ३६ हजारांपासून होती आणि डीलर वर हजारो मागत होते. बाबा, तुमच्या वेळी चेतकसाठी वर्षानुवर्षं नंबर लावायचे आणि घाई असलेला 'ऑन' देऊन घ्यायचा, तोच प्रकार. असा ऑन परत येत नाही. माल मुबलक झाला की तो पहिल्यांदा उडून जातो, मूळ किंमत नंतर उतरते. २०२१-२२ मध्ये चिपच्या टंचाईत इथं काही जुन्या गाड्या नव्यापेक्षा महाग विकल्या गेल्या. त्या भावानं घेणाऱ्यांना आज विकताना जड जातंय.

फोक्सवॅगन गोल्फ आर फार सुरेख आहे, पण किंमत आणखी वरची आणि जर्मन गाडीची वॉरंटी संपली की गिऱ्हाईक कचरतं. तो विषय तिथंच सोडला.

आता मला विकण्याच्या भावाची एवढी काळजी का, ते सांगते. बाबा, तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं आहे, रद्द नाही. आईची शुगर वर-खाली होते. उद्या मला दोन महिने कराडला येऊन राहावं लागलं, बिनपगारी रजा घ्यावी लागली, तर माझ्याकडे पटकन पैसा होईल अशी एकच मोठी वस्तू असेल, ती ही गाडी. म्हणून मला भाव किती येईल याच्याइतकंच तो किती लवकर आणि किती खात्रीनं येईल हे महत्त्वाचं वाटतं. साधी डब्ल्यूआरएक्स जुन्या गाड्या विकत घेणाऱ्या कारमॅक्ससारख्या ठिकाणी नेली की ते लगेच आकडा सांगतात, तो आकडा सात दिवस टिकतो. खासगी गिऱ्हाइकापेक्षा थोडे कमी मिळतील, पण आठवड्यात मी विमानात असेन. एसटीआयचा चांगला भाव देणारा शौकीन चार चाचण्या मागतो, घासाघीस करतो. ते मला नको. याच कारणानं कर्जही लहान ठेवणार आहे. गाडीच्या बाजारभावापेक्षा कर्ज जास्त उरलं, तर विकायलाच पदरचे पैसे घालावे लागतात. सिव्हिक डीलरलाच देणार आहे, कारण कोलोरॅडोत जुन्या गाडीची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवरच विक्रीकर लागतो.

आणि आई, तू एफडी मोडायचं म्हणालीस. मोडायची नाही. पुन्हा हा विषय काढू नकोस, मला त्रास होतो.

तर ठरलं आहे ते असं: तीन वर्षं जुनी, एकाच मालकाची, हाताच्या गिअरची. इथं अनेकांना हाताने गिअर टाकता येत नाहीत, पण या गाडीचं गिऱ्हाईक नेमकं तेच मागतं. इंजिन आणि गिअरबॉक्सची वॉरंटी पाच वर्षं किंवा ६० हजार मैल आहे आणि ती नव्या मालकाकडे येते, म्हणजे दोन वर्षं अजून हातात. काही बदल केलेली गाडी मात्र फुकट दिली तरी नको. मोठा सायलेन्सर, बदललेलं सॉफ्टवेअर, यावर मालकानं पाच हजार घातले असतील तरी पुढचा घेणारा त्याचे पैसे देत नाही, उलट कापतो, आणि वॉरंटीवाले हात वर करतात.

कोलोरॅडोत दरवर्षी मालकी कर भरावा लागतो. महाराष्ट्रात एकदाच पंधरा वर्षांचा भरतो तसं नाही. नव्या गाडीच्या मूळ किमतीच्या ८५ टक्के धरतात, त्यावर पहिल्या वर्षी २.१ टक्के, मग दीड, मग १.२, चौथ्या वर्षी ०.९ आणि पाचव्यापासून नवव्यापर्यंत ०.४५. छत्तीस हजारांच्या गाडीला पहिल्या वर्षी ६४० डॉलर, चौथ्या वर्षी पावणेतीनशे. जड वर्षं आधीच्या मालकानं भरलेली असतील.

गारांचंही बघते आहे. ८ मे २०१७ ला इथं जी गारपीट झाली ती राज्याच्या इतिहासातली सगळ्यात महागडी. बॉनेटवर, टपावर खळगे पडलेल्या कितीतरी गाड्या बाजारात येतात. मी छप्पर असलेली जागा भाड्यानं घेतली आहे.

एक चांगली गाडी नजरेत भरली आहे, निळी. (आई, पांढरी मिळाली नाही. बर्फात पांढरी गाडी दिसतही नाही.) पुढच्या आठवड्यात मी ती एका स्वतंत्र मेकॅनिककडे नेते आहे, विकणाऱ्याच्या ओळखीच्या नाही. बाबा, तुम्हाला विचारून यादी पक्की करायची आहे. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत दाब किती धरतो ते, आणि हवा भरून किती गळते ते. क्लच नीट बघणार, कारण चारही चाकं रस्ता पकडून असतात, जोरात सोडलं तर चाक फिरत नाही, सगळा मार क्लच प्लेटवर येतो. टायरांची झीज चारही सारखी हवी. एकच नवा टायर घातला तर त्याचा घेर वेगळा पडतो आणि मधलं डिफरन्शियल सतत कामाला लागून तापतं. त्यामुळे एक पंक्चर दुरुस्त होण्यासारखं नसेल तर चारही टायर घ्यावे लागतात, तेही मी खर्चात धरलं आहे. खालून गंज बघायचा, इथं रस्त्यावर बर्फ वितळवायला मॅग्नेशियम क्लोराइड टाकतात.

यात काही राहिलं असेल तर रविवारपर्यंत कळवा. गाडीचं बोलणं बुधवारी आहे. रिपोर्ट आला की व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते. एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा किती कमी आलं तर तुम्ही गाडी सोडून द्याल, तो आकडा मला तुमच्याकडून हवा आहे. इथल्या मेकॅनिकवर विश्वास आहे, पण शेवटचा शब्द तुमचा.

आई, शुगरचा रिपोर्ट मिळेल त्याच दिवशी फोटो काढून पाठव. फक्त "बरं आहे" लिहू नकोस, आकडा लिही.

तुमची,
मेघना