पेशंटचं वाक्य मराठीतच राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात सांगितलं. तेव्हापासून या जागा कधी भरणार आणि पगार कोण देणार, हेच सगळीकडे ऐकते आहे. मला त्याच्या आधीचं विचारायचं आहे. हे समुपदेशक विद्यापीठातून कोणत्या भाषेत ऐकायला शिकून येणार?

मी केज तालुक्यातली. नऊ वर्षं आशाताईंची गटप्रवर्तक होते. वीस-बावीस आशा, एसटीने गावोगाव फिरणं, बाळंतिणींच्या आणि लसीकरणाच्या नोंदी. पुढे शेतकरी आत्महत्यांमुळे मनाच्या त्रासाची प्रश्नावली घेऊन घरोघरी जायचं काम आमच्याकडे आलं. प्रश्न विचारता यायचे, पण आलेल्या उत्तराचं काय करायचं ते कळायचं नाही. म्हणून वयाच्या छत्तिसाव्या वर्षी शहरात जाऊन समुपदेशन मानसशास्त्रात एम. ए. केलं. आता एका माध्यमिक शाळेत आणि तिच्या मुलींच्या वसतिगृहात काम करते.

बी. ए. ला मराठी माध्यमातून 'अभिजात अभिसंधान', 'प्रबलन' असे मानसशास्त्रातले पारिभाषिक शब्द पाठ केले होते. एम. ए. सगळं इंग्रजीत. त्याची तक्रार नाही. दोन सेमिस्टर डिक्शनरी उशाशी ठेवली आणि जमलं. अडलं ते प्रात्यक्षिकात. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आम्ही पेशंटशी मराठीत बोलायचो आणि रात्री खोलीवर बसून तो संवाद इंग्रजीत उतरवायचो. अहवाल इंग्रजीतच जमा करायचा, असा नियम होता.

एक बाई यायच्या. त्यांची संमती घेऊन आणि ओळखीचे तपशील बदलून सांगते. वय पन्नाशीचं, कापसाचं रान, दोन लेकींची लग्नं झालेली. म्हणायच्या, "उजाडलं की पोटात गोळा येतो. उजाडूच नये वाटतं." मी लिहिलं की सकाळी अस्वस्थता असते, उठण्याची इच्छा नसते, झोपेची तक्रार आहे. व्याकरण बरोबर होतं, अहवालावर 'गुड' असा शेराही मिळाला. दुसऱ्या आठवड्यातही तसंच. तिसऱ्या आठवड्यात विभागातल्या एक जुन्या सिस्टर शेजारच्या टेबलावर काही लिहीत होत्या. बाईंचं तेच वाक्य त्यांच्या कानावर पडलं आणि त्या पेन ठेवून उठून आल्या. बाईंच्या शेजारी बसून म्हणाल्या, "मावशी, उजाडू नये म्हणजे? आपण नसलेलंच बरं, असं येतं का मनात?" बाईंनी पदर तोंडाला लावला. विचार दोन महिन्यांपासून होता. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांनी त्यांना तपासलं, औषधं सुरू झाली, मुलाला बोलावून घेतलं, आणि घरातलं फवारणीचं औषध त्याने बाहेर नेऊन कुलपात ठेवलं. बाई आज बऱ्या आहेत.

ते वाक्य मी दोनदा ऐकलं होतं आणि दोनदा इंग्रजीत बुजवलं होतं. माझे मार्गदर्शक फक्त माझं इंग्रजी वाचत होते, मग त्यांना तरी काय दिसणार? पीएचक्यू-९ ही नैराश्य ओळखण्यासाठीची नऊ प्रश्नांची प्रश्नावली आम्हाला तोंडपाठ होती. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारायचं, प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. तिचा मराठी अनुवादही आहे. तिचा नववा प्रश्न नेमका मरणाच्या विचारांबद्दलचा. असं विचारल्याने माणसाच्या डोक्यात तो विचार नव्याने शिरत नाही, हेही आम्ही परीक्षेत लिहिलं होतं. पण आपल्या आईच्या वयाच्या बाईला हा प्रश्न कोणत्या शब्दांत, कोणत्या आवाजात विचारायचा, याचा सराव वर्गात एकदाही झाला नव्हता. जो रोल-प्ले झाला, तो इंग्रजीत.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४० च्या दशकात संमतीने समुपदेशनाची सत्रं ध्वनिमुद्रित केली आणि विद्यार्थ्यांना ती शब्दन् शब्द अभ्यासायला दिली. समुपदेशनाच्या शिक्षणात त्याला केवढं महत्त्व आहे, ते आम्हाला शिकवलं जातं. मग आमच्या पेशंटचे शब्दच कागदावर येत नसतील, तर आम्ही कशाचा अभ्यास करतो?

आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती मला नोकरीला लागल्यावर वर्षभराने, धडपडत कळली. विचार तपासून मनाचा त्रास कमी करणाऱ्या उपचारपद्धती घ्या, अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत किंवा आरन बेक यांची, दोन्हींत आधी विचार आणि भावना वेगळ्या ओळखायला शिकवावं लागतं. मराठीत दोन्हींसाठी आपण 'वाटणं' वापरतो. मी मुलीला विचारायचे, "तुला कसं वाटलं?" ती म्हणायची, "मला वाटलं, सर आता सगळ्यांसमोर बोलणार." हा झाला विचार. पुन्हा विचारलं तर, "असं वाटलं की मला काहीच येत नाही." हाही विचारच. भीती आणि लाज तशीच आत राहायची. मला वाटायचं, मुलीला समजत नाही. चूक माझ्या प्रश्नात होती. आता मी "मनात काय आलं?" आणि "अंगात कुठं, काय झालं?" असं वेगवेगळं विचारते. मग मुली सांगतात, कान गरम झाले, घशात आवंढा अडकला, हातपाय गळाले. तिथून भावनेपर्यंत जायला वेळ लागत नाही.

आपल्या भाषेत मदतही पुष्कळ आहे. आपण 'राग आला', 'भीती वाटते' म्हणतो. भावना माणसाकडे येते, माणूस म्हणजे ती भावना नव्हे. आलेली गोष्ट जाऊही शकते, हे त्या मुलीच्या वाक्यातच असतं. मला फक्त ते तिला दाखवायचं असतं. हे इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही आणि सापडावं अशी अपेक्षाही नाही. मराठीत समुपदेशन करणाऱ्या शिक्षकांनीच ते वर्गात शिकवायला हवं.

यावर मला सांगितलं गेलं की वर्गात परप्रांतीय मुलं असतात, बाहेरचे परीक्षक मराठी जाणतीलच असं नाही. मान्य आहे. म्हणून मागणी एवढीच आहे की अहवालात पेशंटची वाक्यं तो बोलला तशी, देवनागरीत लिहू द्यावीत आणि खाली विश्लेषण हवं तर इंग्रजीत असावं. तोंडी परीक्षेत, ज्यांना महाराष्ट्रात काम करायचं आहे त्यांचा एक रोल-प्ले मराठीत व्हावा आणि त्याला गुण असावेत. मार्गदर्शकांपैकी एकाला तरी पेशंटची बोली कळावी. हिंदी, कन्नड, गोंडी बोलणाऱ्या पेशंटसाठीही हाच न्याय हवा. यासाठी नवी इमारत लागत नाही, अभ्यास मंडळाची एक बैठक पुरते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ पासून दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्राचे अभ्यासक्रम चालवायला मनाई केली. समोर माणूस बसल्याशिवाय समुपदेशन शिकता येत नाही, हे मला पटतं. पण आता तालुक्यातल्या मुलींना शिकायला शहरातच यावं लागणार. त्या येताना आपल्या गावची बोली घेऊन येतील. पहिल्याच सेमिस्टरला ती बाजूला ठेवायला सांगू नका. जिल्हा रुग्णालयात त्यांच्यासमोर बसणारी मावशी त्याच बोलीत बोलणार आहे.

हे वाचताना कोणाला स्वतःचंच वाक्य सापडलं, तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

त्या बाईंच्या प्रसंगानंतर मी वही करायला लागले. दुसरी वही संपत आली आहे. जीव रमत नाही, डोक्यात मुंग्या आल्यासारखं होतं, जीव टांगणीला लागलाय, उजाडूच नये वाटतं. अशी वाक्यं, ती कोणत्या वयाच्या माणसाने कशाबद्दल बोलताना वापरली, आणि पुढे काय विचारल्यावर तो मोकळा झाला, एवढंच त्यात आहे. नावं-गावं नाहीत. कोणत्याही विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाला वर्गात वापरायला हवी असेल, तर मी छायाप्रत काढून स्वतः आणून देईन.

आपली विश्वासू,
एक शालेय समुपदेशक
ता. केज, जि. बीड