शिल्प लोकांचं म्हणता, मग आधी लोकांना विचारा ना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लोकसहभागातून शिल्प, शहरातली विविधता दाखवणारं शिल्प, असं हल्ली सारखं कानावर येतं आणि मला ती कल्पना मनापासून आवडते, पण हा सहभाग नेमका सुरू कधी होतो ते कोणी बोलत नाही म्हणून हे पत्र. बऱ्याचदा डिझाइन आधीच पक्कं झालेलं असतं, कुठल्या समाजाला कुठलं चिन्ह तेही ठरलेलं, लोकांना बोलावतात ते शेवटी, हाताचा ठसा द्यायला.

मीही एकदा दिलाय ठसा. ओल्या मातीत तळवा दाबला, दोन दिवस नखांतली माती गेली नव्हती. शेजारची बाई तिच्या ठशाखाली काडीने मुलीचं नाव कोरत होती, मला न येणाऱ्या लिपीत, तेवढ्यात आयोजकांपैकी एक जण आला, सगळे ठसे सारखे दिसले पाहिजेत म्हणाला आणि अंगठ्याने ते नाव सपाट करून टाकलं. ती एक शब्द बोलली नाही, हात धुतले आणि निघून गेली. मीही गप्प बसले, ते अजून डाचतं.

कोपनहेगनच्या नोरेब्रो भागात २०१२ मध्ये सुपरकिलेन नावाची सार्वजनिक जागा तयार झाली. तिथले बाक, दिवे, झोपाळे नुसते कॅटलॉग बघून मागवलेले नाहीत, आसपास राहणाऱ्यांना विचारलं की तुमच्याकडचं काय इथे असावं असं वाटतं, आणि अशा ५० हून जास्त देशांच्या वस्तू तिथे आल्या, मोरोक्कोचं कारंजं, जपानची ऑक्टोपसच्या आकाराची घसरगुंडी, थाई बॉक्सिंगची रिंग. पॅलेस्टाइनची माती आणायला तर दोन मुली स्वतः गेल्या होत्या! आणि प्रत्येक वस्तूपाशी जमिनीत एक छोटी पाटी आहे, डॅनिशमध्ये आणि त्या वस्तूच्या मूळ देशाच्या भाषेत. मला सगळ्यात जास्त ती पाटीच भावते.

लोकांना मोकळं सोडलं तर काहीबाही लिहितील, अशी भीती घातली जाते. लिहितीलही. हॅम्बुर्गच्या हारबुर्ग भागात १९८६ मध्ये योखेन गेर्झ आणि एस्थर शालेव-गेर्झ यांनी फॅसिझमविरोधात शिसं चढवलेला १२ मीटरचा खांब उभारला, लोकांनी त्यावर नावं कोरायची आणि भरत जाईल तसा खांब जमिनीत उतरवायचा, १९९३ पर्यंत तो पूर्ण खाली गेला. त्यावर नाझी चिन्हंसुद्धा खरडली गेली. पण ती खोडली नाहीत, कारण शहरात जे होतं तेच त्या खांबावर आलं होतं.

आपल्याकडे एका आईने लिहिलेलं मुलीचं नाव चाललं नाही.

तेव्हा अशी कामं करणाऱ्यांना एकच विनंती, पहिलं स्केच काढायच्या आधी वस्त्यांमध्ये जाऊन बसा, भाषा येत नसेल तर दुभाषी घेऊन जा, लोक काय सुचवतात ते लिहून घ्या, आणि पाटी लावाल तेव्हा ज्यांनी सुचवलं त्यांच्या लिपीतही लावा.

आपली,
एक वाचक