कुठल्या पानावर कळलं?

ती. स्व. काका,
सा. न. वि. वि.

नाव लिहू नकोस, असं तुम्ही फोनवर दोनदा बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण मिरजेत ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. रहस्यकथा परत घेताना ‘आवडलं का?’ असं न विचारता ‘कुठल्या पानावर कळलं?’ असं विचारणारे ग्रंथपाल गावात दुसरे कुणी नाहीत.

या दिवाळीत माझी पहिली कादंबरी छापून आली. पाचशे प्रती. ऋणनिर्देशाला अर्धं पान मिळालं, त्यात नवरा, आई आणि मुद्रितं तपासणारी मैत्रीण एवढीच माणसं मावली. तुमचं अर्ध्या पानात भागणारं नव्हतं, म्हणून हे पत्र, आणि सगळ्यांसमोर.

मी पतसंस्थेत थकीत कर्जांची खाती बघते, त्यामुळे गोष्टही पतसंस्थेतलीच. अनंत चतुर्दशीच्या रात्री, मिरवणुकीच्या दणदणाटात, शाखाधिकाऱ्याचा खून होतो. २०२२ मध्ये लिहायला घेतली. तुमच्याकडे यायच्या आधी ती तीन दारांवरून परतली होती. एका प्रकाशकांनी बाड न उघडताच सांगितलं की रहस्यकथेला आता गिऱ्हाईक नाही. एका लेखकांनी ‘भाषा छान, लिहीत राहा’ असं कळवलं; ते वाचलेलं नव्हतं हे सांगायला गुप्तहेर लागत नाही. तिसऱ्या लेखिकेने मात्र मनापासून वाचलं, समासात खुणाही केल्या. त्या म्हणाल्या, “खुनी ओळखता येतो. आणखी दोन धक्के हवेत.” मी दोन धक्के टाकले. शाखाधिकाऱ्याला जुळा भाऊ दिला. आणि शेवटच्या प्रकरणात इन्स्पेक्टरच्या खिशातून एक पत्र काढलं, जे त्याच्या खिशात पहिल्या दिवसापासून होतं, फक्त मी वाचकाला सांगितलं नव्हतं. तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

जूनमधल्या त्या भिजक्या संध्याकाळी मी स्पायरल बाइंडिंग केलेली प्रत तुमच्या टेबलावर ठेवली आणि मत मागितलं. तुम्ही म्हणालात, “माझं एकट्याचं मत घेऊन काय करणार?” खणातून खाकी कागद काढलात, पुस्तकाला घालतात तसं नीट कोपरे दुमडून कव्हर घातलंत, आत तारखेची चिठ्ठी डकवलीत, रजिस्टरात दाखलअंक टाकलात आणि प्रत ‘नवीन आवक’च्या फळीवर उभी केलीत. लेखकाच्या रकान्यात आडवी रेघ. मी तोंड उघडायच्या आत म्हणालात, “नाव असलं की लोक गोड बोलतात.”

बाडाला दाखलअंक! त्या रात्री मला झोप लागली नाही.

पाच सभासदांनी वाचलं. पहिल्या गृहस्थांनी तिसाव्या पानावर परत आणून दिलं, कारण तोवर एकोणीस माणसांची नावं आली होती. “पाठांतराला वेगळी वही घालू का?” असं विचारून गेले म्हणे. बरोबरच होतं. आमच्या शाखेत आहेत तितकी सगळी माणसं मी कागदावर उतरवली होती, कुणी रुसू नये म्हणून. आता आठ आहेत. रुसायचे ते रुसले.

दुसरे ते निवृत्त हवालदार. त्यांनी पेन्सिलीने इतकं लिहिलं होतं की माझ्या ओळी शोधाव्या लागत होत्या. इन्स्पेक्टर खांद्याने दार फोडतो त्या जागी: “साहेब दार मोडत नसतात. साहेब गाडीत बसत्यात, दार आम्ही मोडतो.” मी सगळीकडे कलम ३०२ लिहिलं होतं. सुरुवात केली तेव्हा ते चालणारं होतं, पण गोष्ट घडते २०२४ च्या गणपतीत, आणि त्या वर्षी १ जुलैपासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झालेली. त्यांनी प्रत्येक ३०२ खोडून वर १०३ केलं. अकरा ठिकाणी. फक्त एका जागी हात लावला नव्हता, जिथे जुन्या, २०१९ च्या खुनाचा उल्लेख येतो. तिथे छोटीशी बरोबरची खूण होती. ती खूण बघून मला जे वाटलं ते कुठल्या परीक्षणाने वाटेल असं वाटत नाही.

पण त्यांचा खरा घाव शेवटच्या प्रकरणावर होता. माझा खुनी इन्स्पेक्टरसमोर ढसाढसा रडून सगळं कबूल करतो आणि कादंबरी संपते. खाली लिहिलेलं: “पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत न्हाई. ह्यो सुटणार.” तीन वर्षं खपून मी एक खुनी निर्दोष सोडला होता, काका.

तिसऱ्या बाई परिचारिका. मिरजेत वाचनालय चालवायचं आणि सभासदांत सिस्टर नसायच्या, हे कसं होईल? त्यांनी एकच चूक काढली. मी मृतदेह रात्री अकराला सापडवून साडेबाराला शवविच्छेदन उरकलं होतं. २०२१ च्या नोव्हेंबरात सूर्यास्तानंतर शवविच्छेदनाला केंद्राने मुभा दिली खरी, पण पुरेशी सोय असलेल्या रुग्णालयांतच, आणि खून, आत्महत्या, संशयास्पद मृत्यू त्यातून वगळलेले. कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न उभा राहिला तरच अपवाद. म्हणजे माझ्या प्रेताला सकाळपर्यंत थांबणं भाग होतं. मी चरफडले, कारण सगळं वेळापत्रक कोलमडलं. पण मग ती रात्र रिकामी मिळाली. शवागाराबाहेरच्या बाकावर शाखाधिकाऱ्याची बायको, तिचा दीर आणि वसुली अधिकारी असे तिघं पहाटेपर्यंत बसतात, लांबून ढोल ऐकू येत राहतात, मधेच कोणीतरी प्लॅस्टिकच्या कपांतून चहा आणतं आणि तिचा चहा तसाच गार होतो. आता जो तो याच प्रकरणाबद्दल बोलतो. हे प्रकरण माझं नाही, सिस्टरांचं आहे.

हे सगळं घेऊन मी तुमच्यासमोर रडकुंडीला आले, तेव्हा तुम्ही मला अगाथा ख्रिस्तीच्या पहिल्या कादंबरीचं सांगितलंत. त्याआधी मला वाटायचं की त्या बाई जन्मल्या त्याच पक्क्या लेखिका म्हणून. बहिणीशी पैज लागली, पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या दवाखान्यात औषधं तयार करताना विषांची माहिती झाली, १९१६ मध्ये कादंबरी लिहून झाली, आणि मग एकामागून एक प्रकाशकांनी ती परत केली. शेवटी जॉन लेन यांच्या बॉडली हेडने घेतली, तीही शेवट बदलायच्या अटीवर. मूळ हस्तलिखितात त्यांचा गुप्तहेर पॉयरो सगळा उलगडा कोर्टात, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून करत होता. कोर्टात असं कुणाला भाषण करू देत नाहीत, हे त्यांना सांगावं लागलं. बाईंनी तो उलगडा कोर्टातून उचलून घरात, सगळ्यांना एकत्र बसवून मांडला, आणि पुढे ती जगभरच्या रहस्यकथांची रीतच होऊन बसली. १९२० मध्ये पुस्तक अमेरिकेत निघालं, पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये. हातात पडले २५ पौंड. कॉनन डॉयललाही होम्सच्या पहिल्या कादंबरीचे सगळे हक्क विकून २५च पौंड मिळाले होते. हे सांगताना तुम्ही हसलात आणि माझ्याकडून जूनची राहिलेली वर्गणी मागून घेतलीत.

मला त्यातलं सगळ्यात आवडलं ते वेगळंच. बाईंना ज्या अभिप्रायाचा विशेष अभिमान होता, तो औषधनिर्मात्यांच्या नियतकालिकातला होता: विषाची माहिती अचूक आहे म्हणून केलेली स्तुती. मला हवालदारांची ती छोटी खूण आठवली.

मग तुम्ही ती वही काढलीत. लांबट, लाल कापडी पाठीची, किराणा दुकानात उधारीला असते तशी. पुस्तकाचं नाव, सभासद क्रमांक, आणि खुनी कळला ते पान. पहिली कादंबरी असेल तर डाव्या बाजूला तांबड्या पेन्सिलीचं टिंब. आणि काही आकड्यांपुढे एक ‘फ’. मी विचारलं, फ म्हणजे काय? “फसवलं,” तुम्ही म्हणालात. “वाचक येऊन सांगतो ना, मला त्यात फसवलं, की मी फ लिहितो.”

मी स्टुलावर बसून तासभर पानं उलटली. लवकर ओळखलेल्यांच्या पुढे फ जवळजवळ नव्हताच. फ होता तो ‘कळलंच नाही’ असं लिहिलेल्या ओळींपुढे, आणि तांबड्या टिंबांच्या पुस्तकांत तो जास्त होता. तुम्ही काही समजावून सांगितलं नाहीत, दुसऱ्या सभासदाची पावती फाडत होतात. पण मला उजेड पडायला लागला होता. पहिली कादंबरी लिहिणारा एकाच भीतीने लिहितो की वाचकाला आधी कळेल. आणि लेखकांना दाखवली तर तेही तीच भीती वाढवतात, कारण ते शिवण बघतात, टाका कुठे दिसतो ते बघतात. वाचकाला टाका दिसला तर तो उलट खूश होतो, शेजाऱ्याला सांगतो. त्याला राग येतो तो कापड लपवून ठेवल्याचा. अमेरिकन रहस्यकथाकार रेमंड चँडलरच्या पहिल्या कादंबरीत ड्रायव्हरला कुणी मारलं, हे सिनेमा करताना विचारलं तेव्हा खुद्द त्यालाच सांगता आलं नाही, असं म्हणतात. १९३९ पासून लोक ती वाचतायत, कुणी दंड मागितलेला नाही. ड्रायव्हरचा धागा सुटला, पण लपवला नव्हता.

माझ्या बाडापुढे पाचांत तीन फ होते.

त्यातला सगळ्यात ठळक चौथ्या वाचकाचा, आजींचा. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडवर वाढलेल्या बाई, हजारावर कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाच्या पुस्तकांतून ज्यांचा हात बसलाय, त्यांना जुळा भाऊ कोण सांगणार? त्याला त्यांनी हसून माफ केलं. पत्राला नाही. तुम्ही त्यांचं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवलं होतं: “पानात वाढलंच नाही, आणि वर विचारतेय चव कशी झाली.” माझी ओळख लपवलेली होती, तरी ‘विचारतेय’? बाईनेच लिहिलंय हे त्यांना कळलं होतं. कुठल्या पानावर, ते तुम्ही विचारलं नाहीत.

आणि पाचवा तो अकरावीतला मुलगा, पान ४१. एक्केचाळीस! त्या लेखिकाबाईंनी दोन धक्के सुचवले ते याच भीतीने. मी तुम्हाला विचारलं, कशावरून ओळखलं म्हणाला? तर म्हणे, “वसुलीवाल्याच्या चपला ओल्या आहेत हे दोनदा लिहिलंय. तिथे बाकी कुणाच्या चपलांचं काहीच नाही.” मग उरलेली एकशे ऐंशी पानं कशाला वाचलीस, असं तुम्ही त्याला विचारलंत. तो म्हणाला, “चपला कुठे भिजल्या ते बघायला.”

मी घरी येऊन जुळ्या भावाला मारून टाकलं, म्हणजे मुळातूनच. पत्र उचलून सहाव्या प्रकरणात आणलं, टेबलावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, विजेच्या बिलाखाली. कबुलीजबाब काढला, त्याऐवजी एक व्हाउचर आणलं, ज्यावरची तारीख रविवारची आहे. पतसंस्थेतल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. चपला तशाच ठेवल्या. संपादक म्हणत होत्या की एकदा पुरे. मी हट्टाने दोनदाच ठेवल्या.

मागच्या आठवड्यात तुमचा फोन आला. छापील प्रत फळीवर लागली, आजींनी पहिल्यांदा नेली आणि चार दिवसांत परत केली. पान ११२. मी श्वास रोखून विचारलं, आणि फ? तुम्ही वही उघडल्याचा आवाज मुद्दाम केलात. “नाही.” एवढं बोलून ठेवलंत.

तुमचा स्वतःचा आकडा मात्र अजून सांगितला नाहीत. विचारलं की म्हणता, माझा कळला तर पुढचं माझ्यासाठी लिहिशील. बरं, नका सांगू.

एक राहिलं. ती खाकी कव्हरची स्पायरल प्रत ऑगस्टात दुरुस्त्यांसाठी म्हणून मी घरी नेली, ती अजून माझ्याच कपाटात आहे. रजिस्टरात ती माझ्या नावावर थकीत दिसत असणार. थकीत खात्यांचं माझ्याइतकं कुणाला ठाऊक? शनिवारी आणून देते. दंड किती होतो ते काढून ठेवा. सूट मागणार नाही, पण हवालदारांच्या पेन्सिलीचं ते पान फाडून घेऊ द्या.

तुमची,
सभासद (वर्गणी नोव्हेंबरअखेर भरलेली)