सईला, एक मेच्या आधी

एडिसन, न्यू जर्सी
रविवार रात्र

प्रिय सई,

पत्र मराठीत आहे म्हणून कुरकुरू नकोस. रविवारच्या मराठी शाळेत नऊ वर्षं गेलीस, जोडाक्षरं येतात तुला. अडलीस तर मोठ्यानं वाच, कानाला कळेल. इंग्रजीत लिहायला बसले की माझं ऑफिसचं ईमेल होतं, आणि समोरासमोर बोलायला गेलो तर पाचव्या मिनिटाला दोघींचा आवाज चढतो. परवा कॉलेजच्या पैशांवरूनही तेच झालं. एक मेपर्यंत कुठल्या कॉलेजला जायचं ते कळवायचंय, म्हणून आता लिहूनच सांगते.

आधी सप्टेंबरचं. नॅशनल मेरिट या देशभरातल्या स्कॉलरशिपच्या सेमीफायनलिस्टांची नावं शाळेत कळली त्या दिवशी तू गाडी ड्राइव्हवेत लावलीस आणि वीस मिनिटं आतच बसून राहिलीस. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, भाताची पेज झाली. तू आत आलीस, "एका पॉइंटनं गेलं" म्हणालीस आणि जिना चढून गेलीस.

रात्री मी तो हिशेब मांडून पाहिला. ज्या परीक्षेवरून ही निवड होते त्या पीएसएटीत तुला १५२० पैकी १४९०. गणितात ७६०, म्हणजे पैकीच्या पैकी, आणि इंग्रजीत ७३०. पण नॅशनल मेरिटवाले इंग्रजी दुप्पट धरतात. ७३० दुणे १४६०, त्यात ७६० मिळवले, दहानं भागले: २२२. आपल्या राज्याची कटऑफची रेषा होती २२३. हेच गुण उलटे पडले असते, इंग्रजीत ७६० आणि गणितात ७३०, तर झाले असते २२५. बेरीज तीच. आणि सहावीपासून दर शनिवारी तुला गणिताच्या क्लासला सोडणारी मीच! यावर हसावं की रडावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुला खरं झोंबलं ते मात्र अन्वयचं. त्याला तुझ्यापेक्षा कमी गुण, आणि तो वेस्ट व्हर्जिनियातून सेमीफायनलिस्ट. देशभरातून साधारण सोळा हजार मुलं घेतात आणि प्रत्येक राज्याचा वाटा तिथून यंदा हायस्कूल संपवणाऱ्या मुलांच्या संख्येवर ठरतो. त्यामुळे न्यू जर्सी, मॅसेच्युसेट्समध्ये रेषा वर चढते, आणि वेस्ट व्हर्जिनिया, नॉर्थ डकोटासारख्या राज्यांत बरीच खाली राहते. "हे अनफेअर आहे," तू म्हणालीस. मी गप्प बसले. उत्तर होतं माझ्याकडे, पण द्यायची लाज वाटली. आता देते.

मी चौथीच्या स्कॉलरशिपला बसले (मधली काही वर्षं ती परीक्षा पाचवीला होती) ती वाई तालुक्यातल्या झेडपीच्या शाळेतून. तुझी मेधामावशी त्याच वर्षी पुण्यातून बसली. तिला माझ्यापेक्षा सातेक गुण जास्त होते. स्कॉलरशिप मला मिळाली, तिला नाही, कारण ग्रामीण आणि शहरी याद्या वेगळ्या लागायच्या. त्या मे महिन्यात ती आजोळी आली, माझ्या शेजारी बसून अढीतले आंबे निवडले, आणि आठ दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. आबांनी गावभर पेढे वाटले. वाटताना "ग्रामीण यादीत" असं ते कुणाला म्हणाले नाहीत. मी तर नाहीच.

याद्या वेगळ्या होत्या ते मला आजही बरोबर वाटतं. आमच्याकडे चार वर्गांना दोन गुरुजी, त्यातले एक कायम जनगणनेला नाहीतर निवडणुकीला जुंपलेले. मेधाकडे क्लास होता, मार्गदर्शकांची चळत होती. अन्वयच्या शाळेत कॅल्क्युलस शिकवायला माणूस नाही, तो बिचारा स्क्रीनसमोर बसून एकट्यानं शिकला. म्हणजे ज्या नियमानं मला उचललं, त्याच धर्तीच्या नियमानं तुला अडवलं. यात तुझी हुशारी कमी पडली नाही आणि कुणी लबाडीही केली नाही. तू पुण्याच्या बाजूला जन्मलीस, एवढंच.

आणि रक्कम काय? नॅशनल मेरिटची स्वतःची स्कॉलरशिप अडीच हजार डॉलर, तीही एकदाच. मोठे पैसे येतात ते फायनलिस्ट आपल्याकडे यावेत म्हणून काही विद्यापीठं देतात ते. अलाबामा देतं, टेक्सासचं डॅलसमधलं विद्यापीठ देतं. अन्वय त्याच वाटेनं चाललाय. जाऊ दे, चांगला मुलगा आहे.

आता परवाच्या भांडणाचं मूळ. बॉस्टनजवळच्या तुझ्या लाडक्या कॉलेजनं प्रवेश दिला आणि मेरिटचा, म्हणजे मार्कांवरच्या स्कॉलरशिपचा, एक डॉलर दिला नाही, त्याचा तू अपमान करून घेतलास. उलट अलाबामाचं जाडजूड पाकीट आलं तर म्हणालीस, "यांना काय, कुणीही चालतं." दोन्ही चूक. मेरिट म्हणजे तुला ओढून नेण्यासाठी कॉलेजनं आपल्या फीवर दिलेली सूट. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, आयव्ही लीगमधली आठच्या आठ, मार्कांवर एक पैसा देत नाहीत. देतात ते घरची ऐपत बघून, आणि तिथे पुष्कळ देतात. पण दसऱ्याच्या सकाळी दादरला झेंडूवाला भाव कमी करतो का? तसंच आहे ते. ज्यांना गिऱ्हाईक हवंय ते सूट देतात. अलाबामाला तू हवी आहेस, आणि त्यांनी ते आकड्यात लिहून दिलंय.

मेरिट फालतू असतं असंही म्हणालीस. समोरच्या घरातल्या मुलाला ते ऐकू गेलं नाही, बरं झालं. तो सहा वर्षांचा असताना इथे आला, अजून एच-४ वर, म्हणजे आईबापांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर आहे. त्याला फेडरल सरकारची मदत नाही, फेडरल कर्जही नाही. त्याची सगळी भिस्त मार्कांवर.

आणि आता आकडा, जो मी तुला सहा महिने सांगितला नाही. ऑक्टोबरमध्ये तू विचारलंस, "आपल्याला परवडेल ना?" मी भांडी विसळत होते, मागे न बघता म्हणाले, "पैशाचं तू बघू नकोस." सगळ्या आया असंच म्हणतात. तेव्हाच हात पुसून तुझ्यासमोर बसायला हवं होतं.

५२९ च्या खात्यात, म्हणजे कॉलेजसाठीच्या बचतीत, तुझ्या नावे एक लाख चार हजार डॉलर आहेत, चार वर्षांत वाटले तर वर्षाला सव्वीस हजार. आमच्या पगारातून वर्षाला बारा हजार निघतील. म्हणजे एकूण वर्षाला अडतीस हजार. नीलचं खातं वेगळं आहे आणि त्याला हात लावायचा नाही. तो तुझ्यामागे दोनच वर्षांनी येतोय. पूर्वी दोन मुलं एकदम कॉलेजात असली की फाफसात, म्हणजे सरकारी मदतीच्या अर्जात, आईबापांचा वाटा विभागून धरायचे, २०२४-२५ पासून तेही गेलं.

बॉस्टनचा वर्षाचा खर्च नव्वद हजार धर. नव्वदातून अडतीस गेले, उरले बावन्न. चार वर्षांचे दोन लाख आठ हजार. घरची ऐपत मोजणाऱ्या त्यांच्या कॅल्क्युलेटरच्या मते आपण एवढे देऊ शकतो. तुला स्वतःच्या नावावर फेडरल कर्ज पहिल्या वर्षी साडेपाच हजारच मिळतं, बाकी सगळं आमच्या सहीनं. बाबा "काढू की घरावर" म्हणतात. गुरुवारी रात्री एक वाजता ते अंधारात लॅपटॉपवर व्याजाचे दर बघत बसले होते. बाबा एक्कावन्न वर्षांचे आहेत. मला ते कर्ज नकोय, सई. गोड करून सांगायला जमत नाही, म्हणून असंच लिहिलं.

उरली आपल्या राज्याची रटगर्स आणि अलाबामा. सूट वजा जाता दोन्ही अडतीसच्या आत बसतात. मात्र पत्रातला बारीक टाइप वाच: दर वर्षी जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, किती राखायचा, स्कॉलरशिप आठ सेमिस्टरचीच की पुढे मिळते, मेजर बदललं तर काय. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष भल्याभल्यांचा जीपीए खाली आणतं. प्रश्न लिहून काढ आणि फोन तूच कर, मी करणार नाही.

रटगर्स तू नीट पाहिलेलीच नाहीस. वीस मिनिटांवर आहे म्हणून तुला ती कॉलेज वाटत नाही. शनिवारी दहाला जाऊ. गाडी तू चालव, मी रस्ता सांगणार नाही.

तुझी,
आई

ता. क. काल मेधामावशीशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलले, तुझं सगळं सांगितलं, आपल्या चौथीचंही निघालं. ती म्हणाली, "सात काय? अकरा होते. सईला अकरा सांग."